घाऱ्या डोळ्यांवरचा आळ

धरणगावच्या पेठेत हस्तीमल यांच्या दुकानाची चौकशी केली, की पत्त्याबरोबर एक वाक्य न मागता मिळते : "तेच ना, ज्यांच्या घाऱ्या सुनेपायी नातवाला रातांधळं झालं?" हे वाक्य मी कापडाच्या दुकानात ऐकले, पोस्टात ऐकले आणि एकदा रेल्वे स्टेशनवरही ऐकले, जिथे मी काही विचारलेच नव्हते. सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्या सुनेला जवळून पाहिलेले नव्हते. एखादी गोष्ट इतक्या जणांकडून इतक्या सारख्या शब्दांत येते, तेव्हा ती बहुधा एकाच ठिकाणाहून निघालेली असते. ते ठिकाण शोधण्यासाठी १९७७ च्या उन्हाळ्यात मी त्या घरी गेले.

तीन माणसे माझ्याशी बोलली : स्वतः राजकुंवरबाई, त्यांचे पती शांतीलाल आणि त्या घरी अनेक वर्षे धुणेभांडी केलेल्या तानुबाई. सासूबाई गुलाबबाई यांनी "म्हातारीला काय विचारायचं" एवढेच म्हणून माळ हातात घेतली. दोघांच्या सांगण्यात जिथे मेळ बसला, तिथे मी सरळ लिहिले आहे. जिथे एकाच व्यक्तीचा शब्द आहे, तिथे तसे नोंदवले आहे. घरातली बोली मारवाडी, पण संभाषणे इथे मराठीत दिली आहेत. नावे बदलली आहेत.

राजकुंवर सोनगीरची. तिचे वडील रतिलाल यांचे किराणा दुकान मुंबई–आग्रा रस्त्याला लागून होते. तिचे डोळे मधाच्या रंगाचे, कडेला किंचित हिरवट. उन्हात ती ते बारीक करी, आणि एवढ्यावरून तिच्या आत्याने ठरवून टाकले होते, की हे डोळे कच्चे आहेत, तिशीच्या आत जातील. १९६२ साली धरणगावच्या हस्तीमल यांनी मुलासाठी तिला पाहिले, तेव्हा त्यांनी रतिलाल यांना विचारले, "रंग चांगला आहे, पण नजर कशी आहे?"

रतिलाल यांनी सुई आणि दोरा मागवला. राजकुंवरने सर्वांसमोर सुईत दोरा ओवला, सुई उलटी धरून पुन्हा ओवला, आणि ती आत निघून गेली. लग्न ठरले.

धरणगावचे घर लांबट होते. रस्त्याकडे दुकान, मागे बैठक, मग चौक, आणि चौकाच्या पलीकडे स्वयंपाकघर. दरवर्षी चुन्याने पांढरी होणारी गच्ची उन्हाळ्यात आरशासारखी चमके. तिथे मुगाच्या मंगोड्या, म्हणजे सांडगे, घालायला राजकुंवर पहिल्यांदा चढली, तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली. नणंद लाडकुंवर तेव्हा परकरात होती. ती म्हणाली, "भाभी, मंगोड्यांसाठी रडतेस का? मिळतील तुला पण."

"ऊन टोचतंय, बाईसा."

"आम्हाला कसं टोचत नाही?"

त्या दिवसापासून गच्चीवरचे काम तिच्याकडून काढून घेतले गेले. घारी सून दिवसा आंधळी, असे घरात बोलले जाऊ लागले, सुरुवातीला थट्टेने.

संध्याकाळची गोष्ट वेगळी होती. जैन घर, सूर्य मावळण्याआधी जेवणे उरकत आणि चूल विझे. दिव्यावर पाखरे येऊन मरतात, म्हणून मागच्या भागात दिवा लावत नसत. विजेचे दोनच बल्ब होते, एक दुकानात आणि एक बैठकीत. तिथवर सारे अनेक जैन घरांसारखेच. पण या घराची आणखी एक रीत होती. तिन्हीसांजेनंतर चौकातून जाताना सगळे भिंतीला हात लावून चालत आणि पाऊल न उचलता घासत नेत. चौकात वस्तू जिथे ठेवलेली असे तिथून ती बोटभरही हलवायची नाही, हा नियम होता. हस्तीमल यांनी नव्या सुनेला समजावले होते, "पाय उचलून टाकला की खाली जीव येतो. माझ्या वडिलांनी घालून दिलेली शिस्त आहे."

राजकुंवरला ही शिस्त फार आवडली होती. पाय घासत नेल्याने किडामुंगी वाचते की जास्त मरते, हा प्रश्न मला पडला. तिला तेव्हा पडला नाही. तानुबाईंनाही पडला नव्हता. सगळे भिंत धरतात तो या घरचा धर्मच, असे त्यांना वाटे; त्या मला अहिराणीत म्हणाल्या, "सांज व्हयनी का बठ्ठा भीत धरीसन चालतस. माले वाटे, तेसना धरम शे."

लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात एका संध्याकाळी चौकात बसलेल्या हस्तीमल यांच्या हातून जपमाळ निसटली. ते जागच्या जागी थांबले. शांतीलाल गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागले. राजकुंवर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती चौक ओलांडून आली, तुळईच्या खांबामागे पडलेली माळ उचलून तिने सासऱ्यांपुढे धरली आणि घुंघट सावरला.

मग गुलाबबाई म्हणाल्या, "तुला कसं दिसलं?"

"समोरच पडली होती, सासूजी."

"समोर?" लाडकुंवर हसली. "भाभी, तू मांजर आहेस का?"

हस्तीमल यांनी माळ घेतली नाही. "तिथे ठेव," ते म्हणाले, "सकाळी धुऊन घेऊ."

राजकुंवरबाई सांगतात, की त्या रात्रीपासून त्यांना आपल्याच डोळ्यांची भीती वाटू लागली. दिवसा सगळ्यांना दिसते ते आपल्याला पाहवत नाही, आणि सगळ्यांना दिसेनासे होते तेव्हा आपल्याला दिसते. म्हणजे काहीतरी उलटे आहे. माहेरी असे कधी वाटले नव्हते, कारण तिथे अंधार पडल्यावरही वडील रस्त्यावर खाट टाकून गाड्या पाहत बसत. पण लग्न झालेल्या मुलीने सासरच्या रीतीची तुलना माहेराशी करायची नसते. ती भिंतीला हात लावून चालायला शिकली. पाय घासत न्यायला शिकली. वस्तू दिसत असतानाही ती चाचपून घेऊ लागली, आणि घर तिच्याबद्दल बोलायचे थांबले.

१९६४ मध्ये मुलगा झाला. नाव नेमीचंद, घरात नेमू. डोळे वडिलांसारखे काळेभोर. गुलाबबाईंनी बाळाला उजेडात नेऊन आधी डोळे पाहिले आणि सुटकेचा श्वास टाकला, हे तानुबाईंना आठवते. नेमू चार वर्षांचा होईपर्यंत सारे ठीक होते. तो त्या घरातल्या इतरांसारखाच भिंत धरून चाले.

मग एका संध्याकाळी गल्लीतली मुले लपाछपी खेळत होती. अंधार पडू लागला तशी इतर मुले पळत राहिली आणि नेमू रस्त्याच्या मध्यभागी हात पुढे करून उभा राहिला. समोरच्या घरातल्या बाई त्याला घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "गुलाबबाई, पोराला रातांधळं आहे की काय? मी समोर उभी होते, तरी मला धडकला."

तो शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. आणि तो वाईट वेळी उच्चारला गेला, कारण लाडकुंवरच्या लग्नाची बोलणी जळगावच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी सुरू झाली होती. सोयरीक करणारे लोक मुलीबरोबर तिचे घरही पाहतात. घरात रातांधळे मूल आहे, हे कळल्यावर ते विचारणार, की हे आले कुठून.

इथे मी शांतीलाल यांना थांबवले आणि विचारले, की तुम्हालाही अंधारात दिसत नव्हते, तर मुलाचे वेगळे काय, असे तुमच्या मनात आले नाही का? उत्तर मला पटले नाही, म्हणून मी नंतरच्या भेटींतही तेच विचारले. प्रत्येक वेळी ते तेच म्हणाले : "रातांधळं म्हणजे आजार. आजारी माणूस पडतो, धडपडतो. मी कुठे पडत होतो? अंधार म्हणजे न दिसणं, असंच मी समजत होतो. तुम्हा लोकांना अंधारात दिसतं, हे मला कोणी सांगितलं होतं?"

आता मला वाटते, की ते खरे बोलत होते. दुकान दिवस असेपर्यंतच चालणार, जेवण सूर्यास्ताआधी, त्यानंतर सामायिकाचे ध्यान आणि झोप. परगावी गेले तर मुक्काम. ज्या घरात प्रत्येक वस्तू ठरल्या जागी आहे, तिथे न दिसणाऱ्यालाही पडण्याचे कारण नसते.

त्या आठवड्यात गुलाबबाईंनी सून समोर असताना सांगितले, "मूल आईच्या डोळ्यांत बघून बघायला शिकतं. घाऱ्या डोळ्यांची सावली पडली त्याच्यावर. दूर ठेवलं तर सुटेल."

हस्तीमल यांनी निर्णय दिला. राजकुंवरने सोनगीरला जाऊन राहायचे. नेमू इथेच राहील.

"किती दिवस?" तिने घुंघटाआडून विचारले. सासऱ्यांशी ती क्वचितच बोले.

"बघू," ते म्हणाले.

त्या घरात 'बघू'चा अर्थ काय होतो, हे तिला ठाऊक होते. तिने शांतीलाल यांच्याकडे एकच गोष्ट मागितली : सोनगीरला सोडण्याआधी धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांना नेमूला दाखवायचे. दोष आपलाच आहे, याची तोवर तिला जवळजवळ खात्रीच होती. तिला एवढेच जाणून घ्यायचे होते, की आपण दूर गेल्याने मूल खरोखर बरे होणार असेल, तर जावे. नाहीतर का जावे?

मार्गशीर्षात ते निघाले. धरणगावहून रेल्वेने नरडाणा, तिथून एस.टी.ने धुळे. सोनगीर वाटेतच लागले. वडिलांच्या दुकानावरून गाडी पुढे गेली तेव्हा राजकुंवरने खिडकीतून पाहिले नाही. नेमूने मात्र आजोबांना ओळखून हाक मारली.

धुळ्याला डॉक्टरांकडे गर्दी होती. नेमूने उजेडात भिंतीवरची सगळी चित्रे, अगदी खालच्या ओळीतली बारीक चित्रेही, भराभर सांगितली. मग डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत बसवले आणि मंद केलेला दिवा हळूहळू वाढवत नेला. बराच वेळ तो "नाही दिसत" म्हणत राहिला. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, "दिवसाची नजर उत्तम आहे. रात्रीची नाही. मी औषध देतो, तेलाच्या गोळ्या आहेत. पण मूल चांगलं खातंपितं दिसतंय, त्यामुळे गोळ्यांनी फरक पडेल असं मला वाटत नाही. जन्मापासूनचं असावं. वाढणार नाही, जाणारही नाही. घरात आणखी कोणाला आहे?"

"हिचे डोळे घारे आहेत," शांतीलाल म्हणाले.

डॉक्टरांनी राजकुंवरकडे पाहिले. "तुम्हाला रात्री दिसत नाही?"

"दिसतं," ती हळू आवाजात म्हणाली. "दिवसा उन्हात डोळे उघडत नाहीत."

"साहजिक आहे. डोळ्यांचा रंग असतो तो पुढच्या पडद्याचा, बुबुळाचा. काळा पडदा जाड, घारा विरळ. विरळ पडद्यातून ऊन जास्त आत जातं, म्हणून दिपतं. उन्हात काळा चष्मा लावा. अंधारात पाहण्याचं काम मागच्या पडद्याचं, त्याचा या रंगाशी संबंध नाही."

"पण मूल तिच्यावर गेलंय," शांतीलाल म्हणाले.

"मुलाचे डोळे काळे आहेत की, शेठ." डॉक्टर हसले. "असं करा, तुम्ही दोघंही पाच मिनिटं आत बसा. तुमचेही तपासून टाकतो. आधी हे एवढे पेशंट संपवू दे."

शांतीलाल यांनी खिडकीबाहेर उतरलेले ऊन पाहिले. सूर्यास्ताआधी सोनगीरला पोहोचून जेवायचे होते. थांबलो तर उपास घडणार आणि उद्याची गाडीही चुकणार. "पुन्हा कधी येऊ," ते म्हणाले, आणि तिघे बाहेर पडले. राजकुंवरबाई म्हणतात, की त्या वेळी शांतीलाल यांचा सदरा धरून मागे ओढावेसे वाटले होते. पण कशासाठी ओढायचे, हे त्यांना सांगता आले नसते.

सोनगीर दोनेक मैलांवर असताना गाडी घरघरत थांबली. ड्रायव्हर झाकण उघडून आत पाहत राहिला. कंडक्टर म्हणाला, "मागची गाडी येईल तेव्हा येईल. ज्याला घाई आहे त्याने चालावं." सोनगीरचा किल्ला पुढे दिसत होता. लोक गाठोडी घेऊन निघाले. सूर्य गेला होता, आभाळ अजून तांबूस होते.

शांतीलाल रस्त्याकडेच्या दगडावर बसले. "सकाळी जाऊ."

"इथं? मूल गारठेल. उजेड आहे अजून, चला."

"उजेड?" ते म्हणाले आणि उठले.

नेमूचा हात धरून राजकुंवर पुढे, शांतीलाल मागे. थोड्या अंतरावर तिच्या लक्षात आले, की ते डांबर सोडून खडीत उतरले आहेत. तिने हाक मारली. ते आवाजाच्या दिशेने आले. समोरून एक ट्रक आला, त्याच्या झोतात ते सरळ चालले. ट्रक गेला आणि ते जागीच खिळले. नेमूही खिळला. बाप आणि मुलगा, दोघांचे हात एकाच पद्धतीने पुढे आले होते.

"अहो," ती म्हणाली, "ते पांढरे दगड दिसतात का, रस्त्याच्या कडेचे?"

"कोणते दगड?"

"आणि किल्ला?"

"अंधारात किल्ला कसा दिसेल?" त्यांचा आवाज चिडका होता. मग त्यांनी विचारले, "तुला दिसतोय?"

"दिसतोय. पुढे चाललेली माणसं पण दिसतात. शेवटच्याच्या डोक्यावर पेटी आहे."

त्यांनी तिच्या पदराचे टोक हातात घेतले. पुढे एका मोरीजवळ त्यांचा पाय घसरला, पदर ओढला गेला आणि ती कठड्यावर आपटली. गालाचे हाड सोलून निघाले. उठून तिने दोघांनाही धरले आणि चालू लागली. सासर, सासरे, चौकातली शिस्त, भिंतीला लागलेले हात, सारे तिच्या डोक्यात फिरत होते आणि कुठेच बसत नव्हते. आनंद झाला का, असे मी विचारले. "नाही," त्या म्हणाल्या. "राग आला. मग भीती वाटली, की हे घरी काही बोलणार नाहीत."

भीती खरी होती. सोनगीरला रतिलाल यांच्या घरी शांतीलाल दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत अंथरुणातच बसून राहिले. मग म्हणाले, "मी घरी सांगितलं तर लाडूचं लग्न मोडेल. आधी तिचं होऊ दे. तोवर तू इथे राहा. नेमूला मी घेऊन जातो."

"रात्री त्याचा हात कोण धरेल? तुम्ही?"

ते पांघरुणाची घडी घालू लागले.

"मी येते," ती म्हणाली. "घरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण मी येते."

वडिलांना तिने गालाचे कारण खरे सांगितले, बाकी काही नाही. दुपारी नरडाण्याला गाडी पकडली. सुरुवातीला शांतीलाल म्हणत होते, की मी बाबूजींना सगळे स्पष्ट सांगतो. अमळनेर येईपर्यंत ते म्हणू लागले, की योग्य वेळ पाहून सांगतो. धरणगावला उतरले तेव्हा ते काहीच म्हणत नव्हते. ते दुकानातल्या बल्बच्या उजेडात पायरीवर टेकले, आणि ती नेमूला घेऊन मागल्या दाराने आत गेली.

यापुढचा प्रसंग केवळ राजकुंवरबाईंच्या शब्दावर आधारलेला आहे. गुलाबबाईंनी तो नाकारला नाही आणि मान्यही केला नाही.

चौकात अंधार झाला होता. राजकुंवरने तोंडावरचा पदर मागे सारला आणि सवयीने भिंतीला हात लावला. पलीकडे, पाण्याच्या माठाजवळ, गुलाबबाई बसल्या होत्या.

"आलीस परत," त्या म्हणाल्या. "आणि गालाला काय लागलं?"

"पडले, सासूजी. रस्त्यात."

उत्तर देऊन झाल्यावर तिच्या लक्षात आले. ती चौकाच्या या टोकाला होती. दिवा नव्हता. तिने भिंतीवरचा हात काढला.

"तुम्हाला दिसतं," ती म्हणाली.

गुलाबबाई हलल्या नाहीत. "हळू बोल."

"तुम्हाला पहिल्यापासून दिसतं. माळ पडली तेव्हाही दिसली होती."

"मी काय याच घरात जन्मले? मी पण बाहेरूनच आले. तुझ्यासारखीच भिंत धरायला शिकले. नवरा चाचपत चालतो आणि आपण तरातरा चालायचं, बरं दिसतं का ते? मग मुलगा झाला. मग लाडू झाली. दोघांचे डोळे मी पाळण्यातच ओळखले होते."

"आणि नेमूचे?"

"त्याचेही."

"मग माझ्या डोळ्यांवर का घातलं?"

"कोणावर घालू?" गुलाबबाईंचा आवाज बदलला नाही. "बाहेर शब्द गेला होता. उत्तर द्यायला लागणार होतं. तुझे डोळे घारे निघाले, लोकांना विचारायचीही गरज पडली नाही. माझे काळे आहेत. माझ्यावर घातलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता."

नेमू आईच्या कुशीला चिकटून उभा होता. राजकुंवरने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पुढचे वाक्य आपल्या तोंडून इतके सरळ कसे आले, याचे त्यांना आजही नवल वाटते.

"घाला माझ्यावर. जळगावच्यांना सांगा, गावाला सांगा. मी नाही म्हणणार नाही. पण मी कुठे जाणार नाही, आणि याला माझ्यापासून तोडायचं नाही. ज्या दिवशी तोडाल, त्या दिवशी मी पेठेत उभी राहून सांगेन."

"लाडूच्या लग्नापर्यंत?"

"लग्नानंतरही."

गुलाबबाईंनी त्याच रात्री नवऱ्याला काहीतरी सांगितले असावे, कारण सोनगीरचा विषय हस्तीमल यांनी पुन्हा काढला नाही. पेठेत मात्र ते वाक्य फिरू लागले, जे मी पोस्टात आणि स्टेशनवर ऐकले. १९६९ मध्ये लाडकुंवर जळगावला गेली. राजकुंवर स्वतः वधूचा हात धरून मांडवात फिरत होती, आणि नणंद–भावजयीचे प्रेम पाहून पाहुण्यांना कौतुक वाटत होते.

हस्तीमल पुढे वारले. करार चालू राहिला. नेमू आईच्या हाताने रात्री चालायला शिकला आणि दिवसा शाळेत पहिल्या बाकावर बसू लागला. राजकुंवरने काळा चष्मा कधी घेतला नाही. घेतला असता तर लोकांना आणखी एक पुरावा मिळाला असता.

१९७५ मध्ये लाडकुंवर माहेरी आली ती कडेवर तीन वर्षांची मुलगी घेऊन. संध्याकाळी मुलगी चौकात उतरली आणि भिंत शोधू लागली. राजकुंवरने पाहिले. मग नणंदेला बाजूला घेऊन तिने सगळे सांगितले : धुळ्याचे डॉक्टर, रस्ता, सासूबाई, आणि स्वतःवर घेतलेला आळ.

लाडकुंवरला आश्चर्य वाटले नाही. "माझं मला सासरी गेल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं, भाभी. तिकडे सगळे रात्री गच्चीवर पत्ते खेळतात." ती मुलीच्या वेणीशी चाळा करत राहिली. "पण आता तू कोणाला सांगू नकोस. माझी धाकटी जाऊ घारी आहे. सासूजी आत्ताच तिच्याकडे बघायला लागल्यात."

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"मी अजून काही म्हणाले नाही."

राजकुंवरबाई म्हणतात, की तिच्या बोलण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. घरातली एखादी अडचण सोपी झाली असावी, तसा तिचा स्वर होता. आपण सहा वर्षे जे उचलून धरले, ते आता आपल्या हातून सुटून दुसऱ्या एका अनोळखी मुलीवर पडणार आहे, आणि ते तिथवर पोहोचवायची वाट आपणच करून दिली, हे त्यांना तेव्हा दिसले. त्यांनी शांतीलाल यांना सांगितले, "मी माझ्या मुलासाठी गप्प बसले. त्या पोरीने आपल्याशी कसला करार केलाय? तुम्ही जळगावला जा. नाहीतर मी जाते."

"लाडूचं काय होईल?"

"माझं काय होणार होतं?"

ते गेले. जळगावच्या दुकानात लाडकुंवरच्या सासऱ्यांसमोर बसून आपण काय म्हणालो, ते शांतीलाल यांनी मला एका वाक्यात सांगितले : "दोष आमच्याकडचा आहे, माझ्या वडिलांकडून आलेला, माझ्यातही आहे आणि तुमच्या सुनेतही." ते ऐकून सासरे हातातले कापड मोजत राहिले. थान संपल्यावर म्हणाले, "बरं. सूर्य आहे तोवर जेवून घ्या."

याहून अधिक कोणालाच माहीत नाही. घारी जाऊ त्या घरी आहे, इतके मला जळगावात कळले. लाडकुंवरही तिथेच आहे, पण त्यानंतर ती माहेरी आलेली नाही. सासरचे पाठवत नाहीत की तीच येत नाही, हे मला ठरवता आले नाही. गुलाबबाई सुनेशी त्या दिवसापासून बोलत नाहीत. आणि पेठेत जुनेच वाक्य चालू आहे, कारण जळगावच्या दुकानात जे बोलले गेले, ते धरणगावपर्यंत आणण्यात कोणाचाच फायदा नाही.

मी शेवटच्या दिवशी गेले तेव्हा राजकुंवरबाई बैठकीत गहू निवडत होत्या. जळगावकडून येणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू आली. त्यांनी सूप बाजूला ठेवले, दुकानाच्या दारापर्यंत गेल्या, डोळ्यांवर हात धरून ऊन अडवले आणि रस्त्याच्या टोकाकडे पाहत उभ्या राहिल्या. स्टेशनवरून येणारे दोन टांगे पुढे निघून गेले. त्या परत येऊन बसल्या.

"रोज जाता का?" मी विचारले.

"बाईसा आल्या तर काय बोलायचं, तेच अजून ठरत नाही," त्या म्हणाल्या, आणि निवडलेले गहू त्यांनी पुन्हा सुपात ओतले.